खरखरीशी झुंज : एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग

कोलंबिया विद्यापीठाचे नाव आपल्या वस्त्यांमध्ये शाळेची पायरीही न चढलेल्या आजीबाईंना ठाऊक असते. बाबासाहेब तिथे शिकले, एवढे एकच कारण त्याला पुरेसे आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोहोचले आणि तीन वर्षे त्यांनी त्या विद्यापीठात ज्ञानाची अखंड उपासना केली. हा इतिहास या स्मरणिकेच्या वाचकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. आम्ही लिहीत आहोत ते त्याच आवारातल्या दुसऱ्या एका तरुणाविषयी. बाबासाहेबांहून तो अवघ्या चार महिन्यांनी मोठा. ते कोलंबियात आले त्याच वर्षी तो तिथून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडला. पण बाहेर म्हणजे फार दूर नव्हे. त्याच विद्यापीठात तो साहाय्यक म्हणून राहिला, पुढे तिथेच प्राध्यापक झाला आणि अखेरपर्यंत तिथलाच राहिला. त्याचे नाव एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग.

दोघांची गाठ पडली असेल असे म्हणण्याचा मोह इतिहासाच्या अभ्यासकाने आवरावा हेच बरे. मात्र १९१५ या एकाच वर्षी, एकाच आवाराशी बांधलेल्या या दोन चोवीस-पंचवीस वर्षांच्या तरुणांपैकी एक जण प्राचीन भारतातील व्यापारावर एम.ए.चा प्रबंध सादर करीत होता आणि दुसरा रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेपुढे निर्वात नलिकेचे खरे कार्य उलगडून दाखवीत होता, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

आर्मस्ट्राँग यांचे आयुष्य ज्या शत्रूशी झगडण्यात गेले त्याला आपण सारे ओळखतो. वैशाखात आभाळ भरून आले, दूरवर वीज चमकली की आकाशवाणीच्या मध्यम लहरींवरच्या बातम्यांत कडकड ऐकू येते. दारातून जुनी मोटारसायकल गेली की तेवढ्यापुरते गाणे चिरफाळते. आजच्या घरांत हाच शत्रू वेगळ्या रूपाने येतो. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह ओव्हन सुरू झाला की शेजारच्या खोलीतला वाय-फाय राउटर अडखळू लागतो, कारण ओव्हन २,४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि बहुतेक राउटरांचा एक पट्टा नेमका तिथेच आहे. मोटारीची रिमोट किल्ली एखाद्या ठरावीक जागी दाद देत नाही, याचेही कारण अनेकदा जवळपासचे कुठलेतरी उपकरण त्याच वारंवारतेवर आपला आवाज मिसळीत असते. नको असलेल्या लहरी हव्या असलेल्या लहरींत शिरतात; याला शास्त्रात व्यत्यय म्हणतात आणि बोलण्यात आपण खरखर म्हणतो.

आर्मस्ट्राँग यांचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील जॉन हे ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकी शाखेत होते, आई एमिली लग्नापूर्वी सरकारी शाळेत शिक्षिका होती. घर खाऊनपिऊन सुखी होते. बालपणीच त्यांना संधिज्वरासारखा एक गंभीर आजार झाला. त्यातून ते वाचले, पण मान आणि खांदा मधूनमधून आपोआप झटका घेत, ही खोड शरीराला जन्माची जडली. मनावर ताण आला की ती वाढे. सुमारे दोन वर्षे शाळा सुटली. कुटुंब हडसन नदीकाठच्या याँकर्स गावी राहायला आले आणि हा लाजरा, एकलकोंडा मुलगा पोटमाळ्यावरच्या खोलीत तारा, गुंडाळ्या आणि बॅटऱ्यांत रमला. मार्कोनीच्या बिनतारी संदेशांच्या बातम्या त्याने वाचल्या होत्या. अंगणात त्याने स्वतःच्या हातांनी सव्वाशे फूट उंचीचा आकाशतारेचा मनोरा उभारला. त्याच्या टोकापर्यंत तो झुल्यावर बसून स्वतःला वर ओढून नेई. उंचीचे भय त्याला कधी वाटले नाही.

कोलंबियात त्यांना मायकेल प्युपिन हे गुरू लाभले. प्युपिन यांच्याविषयी दोन वाक्ये अधिक लिहिणे आम्हाला भाग आहे. आजच्या सर्बियातल्या एका खेड्यातला हा शेतकऱ्याचा पोर १८७४ मध्ये खिशात पाच सेंट घेऊन अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला, शेतांत आणि कारखान्यांत राबला आणि कोलंबियाचा प्राध्यापक झाला. असा माणूस प्रयोगशाळेचे दार उघडताना विद्यार्थ्याची प्रतिष्ठा पाहत नाही, त्याची जिज्ञासा पाहतो. आर्मस्ट्राँग यांची सवय अशी की, पुस्तकात छापले आहे म्हणून ते काही मान्य करीत नसत. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश त्यांनी वाचला असण्याचा प्रश्नच नाही, पण वृत्ती तीच होती. काही प्राध्यापकांना हा मुलगा उद्धट वाटे. प्युपिन यांना तसे वाटले नाही.

त्या काळी ली डी फॉरेस्ट नावाच्या संशोधकाने तयार केलेली ऑडियन ही निर्वात नलिका बाजारात होती. ती कशी चालते हे तिच्या निर्मात्यालाही नीट सांगता येत नव्हते. आर्मस्ट्राँग यांनी तिच्यातील प्रवाह मोजून पाहिले आणि १९१२ च्या सप्टेंबरमध्ये त्यांना एक युक्ती साधली. नलिकेतून बाहेर येणाऱ्या विद्युतस्पंदनांचा काही भाग पुन्हा तिच्याच प्रवेशद्वाराशी नेऊन सोडला, तर ती स्पंदने फेऱ्यामागून फेऱ्या घेत कितीतरी पटींनी बलवान होतात. जयंतीच्या मंडपात माईक चुकून कर्ण्यासमोर आला की कानठळ्या बसविणारी शीळ उठते, ती याच तत्त्वाने. शीळ उठण्याच्या किंचित अलीकडे थांबले तर क्षीण संदेश मोठा होतो. पलीकडे गेले तर तीच नलिका स्वतः लहरी निर्माण करू लागते. म्हणजे एकाच शोधात उत्तम ग्राहकही मिळाला आणि प्रक्षेपकही. इतके दिवस कानाला ऐकण्याचे यंत्र लावून ताटकळत बसावे लागे, तिथे आता समुद्रापलीकडचे संदेश खोलीभर ऐकू येऊ लागले.

पेटंटच्या अर्जाला सुमारे दीडशे डॉलर लागत. वडिलांनी आधी पदवी पूर्ण करण्याची अट घातली. मुलाने मग स्वस्तातला उपाय केला : ३१ जानेवारी १९१३ रोजी आपल्या जोडणीचे रेखाचित्र नोटरीसमोर साक्षांकित करून घेतले. रीतसर अर्ज त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर झाला. हा मधला काळ पुढे किती महाग पडणार होता, याची त्या वेळी कोणालाही कल्पना नव्हती.

पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली तेव्हा आर्मस्ट्राँग सैन्याच्या संदेशवहन दलात अधिकारी म्हणून पॅरिसला गेले. तिथे त्यांच्या हातून जे घडले त्याचा उगम एका वाहनाच्या खरखरीत आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात स्पार्क प्लग हजारो व्होल्टची ठिणगी पाडतो. ठिणगी पडली की तिच्यातून रेडिओ लहरींचा एक विस्कळीत झोत बाहेर फेकला जातो; हाइन्रिश हर्ट्झ यांनी १८८७ च्या सुमारास प्रयोगशाळेत रेडिओ लहरी प्रथम निर्माण केल्या त्यादेखील ठिणगीनेच. म्हणजे प्रत्येक मोटार, प्रत्येक विमान हे नकळत चालणारे एक छोटे प्रक्षेपण केंद्र असते. पॅरिसवर रात्री जर्मन विमाने येत, तोफा अंदाजाने डागल्या जात. विमानांच्या इंजिनांची ही रेडिओ खरखर दुरून टिपता आली तर तोफांना नेम धरता येईल, असे आर्मस्ट्राँग यांच्या मनात आले. जगाला जी कटकट वाटत होती, तिच्यात त्यांना माहिती दिसली.

अडचण अशी की ही खरखर फार उच्च वारंवारतेची होती आणि त्या वेळच्या नलिकांना तिचे वर्धन करता येत नव्हते. त्यावर त्यांनी १९१८ मध्ये शोधलेला मार्ग असा : येणाऱ्या लहरीत यंत्राने स्वतः तयार केलेली दुसरी लहर मिसळायची, म्हणजे दोहोंच्या वारंवारतांमधल्या फरकाएवढी एक नवी, संथ लहर मिळते. एक हजार किलोहर्ट्झच्या केंद्रासाठी यंत्र १,४५५ ची लहर निर्माण करते, उरते ती ४५५ ची. केंद्र कोणतेही लावा, उरणारी लहर नेहमी ४५५ चीच राहील अशी व्यवस्था करता येते आणि मग सगळे वर्धन, सगळी गाळणी त्या एकाच ठिकाणी उत्तम रीतीने साधते. या रचनेला सुपरहेटरोडाइन असे बोजड नाव मिळाले. फ्रान्सच्या ल्युसिएँ लेव्ही यांनीही याच सुमारास तशीच कल्पना मांडली होती आणि पेटंटच्या वादात त्यांचे काही दावे पुढे मान्य झाले, हे नमूद केले पाहिजे. पण यंत्र घडवून ते चालविण्याचे श्रेय आर्मस्ट्राँग यांचेच. विमाने शोधण्याची वेळ येण्याआधी युद्ध संपले. रचना मात्र टिकली. आपल्या आजोबांच्या घरच्या लाकडी पेटीतल्या रेडिओपासून पुढच्या रडार आणि दूरचित्रवाणी संचांपर्यंत ती जाऊन पोहोचली.

युद्धानंतरची काही वर्षे लक्ष्मीची. वेस्टिंगहाउस कंपनीने १९२० मध्ये दोन्ही शोधांचे हक्क ३,३५,००० डॉलरला घेतले. दोन वर्षांनी आणखी एका शोधाबद्दल आरसीए या बलाढ्य रेडिओ कंपनीने दोन लाख डॉलर आणि साठ हजार समभाग दिले. आरसीएचे सूत्रधार डेव्हिड सार्नॉफ हे आर्मस्ट्राँग यांचे मित्र होते. तेही रशियन साम्राज्यातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातले, रस्त्यावर वर्तमानपत्रे विकून वर आलेले. सार्नॉफ यांच्या कचेरीतील सचिव मॅरियन मॅकिनिस यांच्याशी आर्मस्ट्राँग यांचा १९२३ मध्ये विवाह झाला. त्याआधी याच गृहस्थांनी आरसीएच्या न्यूयॉर्कमधील मनोऱ्याच्या अगदी टोकाला चढून कसरती केल्या, त्याची छायाचित्रे मॅरियन यांना पाठविली आणि सार्नॉफ यांनी संतापून त्यांना इमारतीत पाऊल ठेवण्यास बंदी केली! लग्नात वराने वधूला भेट दिली ती सोबत नेता येईल असा सुपरहेटरोडाइन रेडिओ संच.

इकडे डी फॉरेस्ट यांच्याशी पहिल्या शोधाच्या अग्रहक्कावरून न्यायालयात झुंज सुरू होती. १९२२ मध्ये निकाल आर्मस्ट्राँग यांच्या बाजूने लागला. प्रतिपक्ष डबघाईला आलेला होता. खर्चाची वसुली सोडून द्या, म्हणजे निकालावर अंतिम मोहर उठेल, असा सल्ला त्यांना मिळाला. त्यांनी तो मानला नाही. अंतिम मोहर उठली नाही, प्रतिपक्षाने दुसऱ्या दाराने दावा पुन्हा आत आणला आणि १९३४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्ट यांचा हक्क कायम केला. निकालपत्रातली तांत्रिक समजूत चुकीची आहे असे बहुतेक अभियंत्यांचे मत होते. त्याच वर्षी आर्मस्ट्राँग रेडिओ अभियंत्यांच्या अधिवेशनात याच शोधाबद्दल मिळालेले सन्मानपदक परत करायला गेले. संस्थेने ते घेण्याचे नाकारले आणि सभागृहाने उभे राहून त्यांचा गौरव केला. बरोबरीच्या लोकांनी दिलेला हा न्याय मोठा आहे. पण त्याने पेटंट परत मिळत नाही. कायद्याच्या भाषेत सत्य सिद्ध करावे लागते ते कागदाने, तारखेने आणि प्रसंगी दोन पावले मागे घेण्याच्या शहाणपणाने. बाबासाहेब हे जाणून होते. म्हणून अर्थशास्त्राच्या पदव्या मिळाल्यावरही ते बॅरिस्टर झाले. आर्मस्ट्राँग यांना न्यायालय म्हणजे आणखी एक प्रयोगशाळा वाटत राहिली, जिथे खरे ते आपोआप उघड होईल.

आता खरखरीकडे वळू. प्युपिन आणि आर्मस्ट्राँग या गुरुशिष्यांनी पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून तिच्यावर उपाय शोधला होता आणि वर्षानुवर्षे त्यांना अपयशच आले होते. त्या काळचे सारे रेडिओ आवाज वाहून नेत ते लहरीचा आयाम, म्हणजे तिची उंची, कमीअधिक करून. आकाशातली वीज, विजेची मोटर, स्पार्क प्लग यांचा उपद्रवही लहरीच्या उंचीवरच होतो. त्यामुळे गाणे कोणते आणि खरखर कोणती हे ग्राहक यंत्राला वेगळे करता येत नाही. प्रक्षेपकाची शक्ती वाढवणे, म्हणजे गोंगाटात आणखी मोठ्याने ओरडणे, एवढाच उपाय कंपन्यांना ठाऊक होता. लहरीची उंची स्थिर ठेवून वारंवारता बदलली तर, ही कल्पना नवी नव्हती; पण एटी अँड टी कंपनीचे गणिती जॉन कार्सन यांनी १९२२ मध्ये समीकरणे मांडून तिच्यात काही लाभ नाही असे सांगितले होते. समीकरणे बरोबर होती. मात्र त्यांच्या मागे एक गृहीत होते : लहरीला वापरायला पट्टा जेवढा अरुंद द्यावा तेवढे चांगले, कारण रुंद पट्ट्यात खरखर अधिक शिरते.

आर्मस्ट्राँग यांनी ते गृहीतच उलटे केले. वारंवारतेला मोकळेपणी झुलू द्या, पट्टा अरुंद करण्याऐवजी कितीतरी पट रुंद करा. आणि ग्राहक यंत्रात लहरीची उंची एका ठरावीक मर्यादेवर सरळ छाटून टाका. खरखर उंचीत असते, ती छाटली जाते. आवाज झुलण्यात असतो, तो सुरक्षित राहतो. त्या वेळी अमेरिकेत जुन्या पद्धतीच्या केंद्राला दहा किलोहर्ट्झची जागा मिळे, आज एफएम केंद्राला तिथे दोनशेची मिळते. रुंद पट्टा देऊन शांतता विकत घेता येते, हे आर्मस्ट्राँग यांनी हातांनी करून दाखविले. त्यामागचे सर्वसाधारण गणित क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडले. आपल्या घरातला राउटर शेजारच्या दहा राउटरांच्या आणि ओव्हनच्या गलबल्यात तग धरतो तो एफएमने नव्हे, त्याची युक्ती वेगळी आहे. पण रुंद पट्ट्यावर संदेश पसरून व्यत्यय सोसण्याचे तत्त्व त्या कुळातलेच.

या मूलभूत शोधांची पेटंटे २६ डिसेंबर १९३३ रोजी मिळाली. ज्या तळघरात हे काम झाले ती कोलंबियातली इमारत फिलॉसॉफी हॉल, म्हणजे तत्त्वज्ञान विभागाचीच. बाबासाहेबांचे गुरू जॉन ड्यूई याच विभागाचे प्राध्यापक होते. वरच्या मजल्यांवर विचार अनुभवाच्या कसोटीवर घासून पाहण्याचे तत्त्वज्ञान आणि तळघरात त्याचा प्रत्यक्ष प्रयोग, असा हा योग!

सार्नॉफ यांना आर्मस्ट्राँग यांनी हा प्रयोग आधीच दाखविला होता. त्यांना हवे होते ते चालू रेडिओला जोडता येईल असे खरखर गाळणारे एखादे छोटेसे उपकरण. समोर आली ती संपूर्ण नवी प्रसारणव्यवस्था, जी मान्य केली तर आरसीएची सगळी जुनी केंद्रे आणि घरोघरचे सगळे संच कालबाह्य ठरणार होते. १९३४ च्या जूनपासून एम्पायर स्टेट इमारतीवरून चाचण्या झाल्या. सत्तर मैलांच्या आसपास, लाँग आयलंडच्या टोकाकडच्या घरात, विजा कडाडत असताना जुनी पद्धत ऐकू येईना आणि नवी पद्धत स्वच्छ होती. दुसऱ्या वर्षी त्यांना तिथली यंत्रे काढून घेण्यास सांगण्यात आले. कंपनीला ती जागा दूरचित्रवाणीसाठी हवी होती.

५ नोव्हेंबर १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये अभियंत्यांच्या सभेत त्यांनी आपला निबंध वाचला आणि कोणतीही पूर्वसूचना न देता एक संच सुरू केला. याँकर्समधल्या एका मित्राच्या घरून प्रक्षेपण चालू होते. पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला, कागद चुरगळल्याचा आला. रेडिओवर पाणी पाण्यासारखे वाजते हे त्या सभागृहाने पहिल्यांदा ऐकले. तरीही कंपन्या हलल्या नाहीत. मग आर्मस्ट्राँग यांनी आपले समभाग विकले आणि हडसनच्या पश्चिम कड्यावर, अल्पाइन या ठिकाणी, चारशे फुटांहून उंच तीन बाहूंचा मनोरा स्वखर्चाने उभारून आपले केंद्र सुरू केले. १ जानेवारी १९४१ पासून अमेरिकेत एफएमला व्यावसायिक प्रसारणाची अधिकृत परवानगी मिळाली. १९४० मध्ये आरसीएने दहा लाख डॉलर देऊ केले होते. इतर लहान कंपन्या विक्रीच्या प्रमाणात स्वामित्वधन देतात, तसेच तुम्हीही द्या, असे म्हणून आर्मस्ट्राँग यांनी ते नाकारले.

धावत्या वाहनात एफएमचे मोल सर्वांत आधी कळले. इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर थेट शेजारी, तिथे जुनी पद्धत हतबल होई. कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी १९४० मध्ये आपल्या मोटारींत एफएमवर दोन्ही बाजूंनी बोलण्याची व्यवस्था केली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या रणगाड्यांत एफएम संच बसले आणि गर्जणाऱ्या इंजिनाशेजारी बसलेल्या सैनिकाला आदेश स्पष्ट ऐकू येऊ लागले. या वापरासाठी आर्मस्ट्राँग यांनी आपली पेटंटे सरकारला विनामोबदला दिली. आजही मोटारीतली ही लढाई संपलेली नाही. स्पार्क प्लगमध्ये रोधक घालतात, तारांना आवरण देतात. आणि ज्यांत ठिणगीच नाही त्या विद्युत वाहनांतही बॅटरीचा प्रवाह अतिवेगाने तोडणारी-जोडणारी यंत्रणा एवढा उपद्रव करते की काही उत्पादकांनी आपल्या गाड्यांतून मध्यम लहरींचा रेडिओच काढून टाकला. त्याच गाडीत एफएम मात्र बिनघोर वाजत असतो.

युद्ध संपले आणि घाव बसला. १९४५ मध्ये अमेरिकेच्या संपर्क आयोगाने एफएमला ४२ ते ५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून उठवून ८८ ते १०८ मध्ये नेले. लोकांच्या घरचे चार-पाच लाख संच आणि उभी असलेली सगळी केंद्रे एका हुकमाने निरुपयोगी झाली. कारण काय दिले? सूर्यावरील डागांच्या चक्रामुळे जुन्या पट्ट्यात दूरच्या केंद्रांचा व्यत्यय येईल, हे. ज्याने आयुष्यभर व्यत्ययाशी झुंज दिली त्याला व्यत्ययाचेच कारण दाखवून उठविण्यात आले. गणित चुकीचे आहे असे त्यांनी कंठशोष करून सांगितले. रिकाम्या झालेल्या जागेचा मोठा भाग दूरचित्रवाणीच्या वाट्याला गेला. व्यवस्थेला एखाद्याला विस्थापित करायचे असते तेव्हा कारण नेहमीच तांत्रिक आणि निरुपद्रवी भाषेत दिले जाते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

जुलै १९४८ मध्ये त्यांनी आरसीए आणि तिच्या एनबीसी या प्रसारण कंपनीवर दावा लावला. प्रतिपक्षाच्या वकिलांनी एकट्या आर्मस्ट्राँग यांचीच जबानी सुमारे वर्षभर लांबविली. एफएमच्या विकासात सर्वांत मोठा वाटा आपल्याच कंपनीचा, असे त्यांचा जुना मित्र सार्नॉफ शपथेवर सांगून गेला. मूळ पेटंटांची मुदत १९५० अखेर संपली. पैसा आटत चालला. बाबासाहेबांना सन्माननीय पदवी देण्यासाठी कोलंबियाने ५ जून १९५२ रोजी बोलावले, त्या दिवसांत त्याच विद्यापीठाचे हे प्राध्यापक वकिलांच्या कागदांत बुडालेले होते. अभ्यास त्यांनी केला होता, संघर्षही केला होता. बाबासाहेबांच्या त्रिसूत्रीतले उरलेले एक सूत्र त्यांच्यापाशी नव्हते. मित्र होते, चाहते होते, काही लहान कंपन्या पाठीशी होत्या. पण निर्णय एकट्याचे, खर्च एकट्याचा आणि राग एकट्याचा.

मॅरियन तडजोड करा म्हणत होत्या. १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये पतिपत्नीत पैशावरून कडाक्याचे भांडण झाले, आर्मस्ट्राँग यांनी रागाच्या भरात त्यांच्यावर हातही उगारला आणि त्या बहिणीकडे निघून गेल्या. हे लपविण्याचे काही कारण आम्हाला दिसत नाही. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री, नोटरीसमोर ते पहिले रेखाचित्र ठेवल्याला बरोबर एकेचाळीस वर्षे झाली त्या दिवशी, पत्नीची क्षमा मागणारे पत्र मागे ठेवून आर्मस्ट्राँग यांनी न्यूयॉर्कमधल्या राहत्या घरी आपले जीवन संपविले. वय त्रेसष्ट.

मुलांच्या हाती जाणाऱ्या स्मरणिकेत हे लिहावे की नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. मोठ्या शहरांतल्या नामांकित संस्थांत गेलेल्या आपल्या काही गुणी लेकरांना आपण अशाच एकटेपणात गमावले आहे. त्यांचे आईवडील, त्यांचे शिक्षक हे पान वाचणार आहेत. अशा वेळी आर्मस्ट्राँग यांचे चरित्र शोधांच्या यादीवर संपवून मोकळे होणे आम्हाला प्रामाणिक वाटले नाही. न्याय त्यांच्या बाजूने होता, तो थोडा उशिरा आलाही. फक्त त्या वेळी ते नव्हते.

कारण मॅरियन यांनी दावे सोडले नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस आरसीएने दहा लाख डॉलरांहून थोडी अधिक रक्कम देऊन तडजोड केली. १९४० मध्ये नाकारलेल्या देकाराएवढीच ती जवळपास होती. बाकीच्या कंपन्यांविरुद्धचे खटले या बाईंनी एकामागून एक चालविले आणि शेवटचा, मोटोरोलाविरुद्धचा, १९६७ मध्ये जिंकला. आपल्या देशात एफएमचे पहिले प्रसारण मद्रासहून १९७७ मध्ये झाले. अल्पाइनचा मनोरा अद्याप उभा आहे, याँकर्सच्या समोर, नदीच्या पलीकडच्या काठावर. ११ सप्टेंबर २००१ रोजी वर्ल्ड ट्रेड सेंटर कोसळले आणि त्यावरच्या आकाशतारा नष्ट झाल्या, तेव्हा न्यूयॉर्कच्या काही दूरचित्रवाणी केंद्रांनी आपले प्रक्षेपण तात्पुरते त्याच मनोऱ्यावरून सुरू केले.